कृषी सेवा केंद्रात पहिलीच मुलाखत हाय, काय काय विचारतात?

बांधावरची_लेक:

नमस्कार सगळ्यांना. मी औसा तालुक्यातली, वय १८ पूर्ण झालंय, यंदा बारावी सायन्स झाली, ६८ टक्के पडले. लातूरला गंजगोलाईजवळ एका कृषी सेवा केंद्रात बिलिंगला आणि काउंटरला माणूस पाहिजे असं गावातल्या एका काकांनी सांगितलं, त्यांनीच मालकाच्या कानावर घातलं आणि सोमवारी सकाळी अकराला भेटायला बोलावलंय. मालक फोनवर एवढंच म्हणले की कागदं घेऊन या, बोलून बघू. म्हणजे ही मुलाखतच झाली ना? मी आजपर्यंत कुठंच नोकरीला गेले नाही, फक्त घरच्या शेतात काम केलंय, मग अनुभव काय म्हणून विचारलं तर काय सांगायचं तेच कळेना गेलंय. एमएससीआयटी झालेलं आहे, मराठी टायपिंग बऱ्यापैकी येतं, टॅली येत नाही.

दुसरं म्हणजे मी सीईटी दिलीय, बीएस्सी ॲग्रीला नंबर लागला तर मला जायचंच आहे, पण नाही लागला तर काम चालू ठेवायचंय. हे मालकाला सांगावं का? मैत्रीण म्हणते सांगितलं की घेणारच नाहीत. आणि पप्पा म्हणायलेत मी सोबत येतो, ते बरं दिसंल का? पगार किती मागायचा हे तर मला अजिबातच माहीत नाही. कुणी दुकानात काम केलेलं असंल किंवा कुणाचं दुकान असंल तर प्लीज सांगा, लई टेन्शन आलंय.


खतवाला_उदगीर:

पोरी, उदगीरला माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, मिरगाच्या आधी दरसाल दोन-चार पोरंपोरी अशीच भेटायला येतात म्हणून आम्ही समोर बसून नेमकं काय बघतो ते सांगतो. सगळ्यात आधी "मला अनुभव नाही" हे वाक्य तोंडातून काढू नको. शेतात काम केलंय म्हणतेस ना, मग तोच तुझा अनुभव आहे, फक्त नुसतं "शेतात काम करते" म्हणून थांबू नको, काय केलंय ते नीट सांग. घरी किती एकर, काय पेरता, बियाणं घरचं वापरलं तर उगवण तपासली का, ते कोण करतं. समज तू कधी गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ओलं ठेवलेलं असंल आणि किती उगवले ते मोजलं असंल तर ते सांग, कारण सोयाबीनची उगवण ७० टक्क्याच्या वर पाहिजे हे ज्या पोरीला माहीत आहे तिला मला पहिल्या दिवसापासून काउंटरवर उभं करता येतं. शहरातली पदवीवाली पोरं येतात त्यांना एकरी किती बियाणं लागतं ते माहीत नसतं. हेक्टरी ७५ किलो, म्हणजे एकरी ३०, पाच एकरवाला आला तर दीडशे किलो, हे तुला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, आणि मला खात्री आहे तुला येत असणार.

आता हिशोब. मी माझ्याकडं आलेल्या प्रत्येकाला एक गणित तोंडी घालतो. डीएपीच्या तीन गोण्या, युरियाच्या दोन, गिऱ्हाइकानं पाच हजार दिले, परत किती? डीएपी १३५० ची गोणी, ५० किलोची. युरिया ४५ किलोची, २६६ रुपये ५० पैसे. म्हणजे ४०५० आणि ५३३ मिळून ४५८३, परत द्यायचे ४१७. मोबाईल काढून केलं तरी मी नापास करत नाही, पण पैसे मोजून परत देताना गडबडती का ते बघतो. सीझनला काउंटरपुढं पंधरा माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला घाई असते, रान वापशावर आलेलं असतं, ट्रॅक्टर भाड्यानं बोलावलेला असतो, अशा टायमाला डोकं शांत ठेवणारं माणूस पाहिजे.

उधारीचं नक्की विचारतील. "मी दुकानात नाही, ओळखीचा शेतकरी आला, म्हणला मालकाशी बोलणं झालंय, चार गोण्या दे, सोयाबीन निघाल्यावर देतो, तर काय करशील?" हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. उत्तर एकच, काका बसा, पाणी घ्या, मी मालकाला एक फोन लावते. फोन लागला नाही तर माल द्यायचा नाही, पण माणसाला तोडून बोलायचं नाही. तुझ्या स्वतःच्या गावचा माणूस आला तरी तेच.

आणखी एक, खतासाठी पॉस मशीन असतं, आधार नंबर टाकून अंगठा घ्यायचा. म्हाताऱ्या माणसांच्या बोटाच्या रेषा काम करून करून झिजलेल्या असतात, अंगठा लागता लागत नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसून परत लावून बघायचं, दुसरं बोट बघायचं, मागच्या लोकांचा आरडाओरडा ऐकून घ्यायचा. तुला मशीन येत नसंल तर "येत नाही पण शिकते" म्हण, ते दोन दिवसात येतं. पण घरी कुणासोबत खत आणायला गेली असशील तर मशीन बघितलेलंच असंल, ते सांग.


वाळूज_फर्स्ट_शिफ्ट:

मी संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत पर्सोनेल डिपार्टमेंटला आहे. दुकानाचं काकांनी सांगितलंच आहे, मी कागदपत्रांचं सांगते. आधार, दहावी आणि बारावीचं गुणपत्रक, टीसी, एमएससीआयटीचं सर्टिफिकेट, बँक पासबुकचं पहिलं पान, पासपोर्ट फोटो. सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स काढ आणि त्यावर आधीच सह्या करून ठेव. पॅन कार्ड नसंल तर काढून टाक, आता १८ पूर्ण आहेत, पुढं कुठंही लागणारच आहे. आधारवरचं नाव आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय का ते आजच बघ. आमच्याकडं जॉइनिंगला येणाऱ्या पोरांची अर्धी कामं याच्यावरून अडकतात, कुठं वडिलांचं नाव नाही, कुठं आडनावाचं स्पेलिंग वेगळं.

ओरिजिनल फक्त दाखवायला ने, ठेवायला देऊ नको. "टीसी आमच्याकडं जमा राहू द्या, काम सोडताना देऊ" असं कुणी म्हणलं तर गोड बोलून नाही म्हण, सांग की ॲडमिशनला लागणार आहे. ते खरंच लागणारही आहे. आणि कामाला लावायला डिपॉझिट, युनिफॉर्मचे पैसे, ट्रेनिंग फी असलं काहीही कुणी मागितलं तर तिथून उठून ये. काकांच्या ओळखीचं दुकान आहे तर तसं होणार नाही, पण तुझ्या मैत्रिणी मोबाईलवरच्या जाहिराती बघून जात असतील तर त्यांना पण सांग.

बायोडाटा एका पानाचा पुरे. झेरॉक्सच्या दुकानात करायला गेलीस तर ते लग्नाच्या बायोडाट्याचा फॉरमॅट उघडून देतात, त्यात उंची, रास, जात, मामाचं गाव सगळं असतं, ते काढायला सांग. नाव, गाव, मोबाईल, शिक्षण, कॉम्प्युटर, कोणत्या भाषा येतात, आणि एक ओळ शेतीच्या कामाची, एवढंच. खोटं एक अक्षर लिहू नको. टॅली येत नाही तर टॅली लिहू नको, समोरचा माणूस लगेच संगणक पुढं सरकवतो.

शिक्षणाचं माझं मत सांगू का, स्वतःहून काढू नको. विचारलं तर खरं सांग. पण बसल्या बसल्या "मी दोन महिन्यांनी जाणार आहे" असं कशाला म्हणायचं, नंबर अजून लागलेला नाही ना.


खतवाला_उदगीर:

वाळूजच्या ताई, तुमचं कंपनीच्या हिशोबानं बरोबर असंल पण दुकानाचं वेगळं असतं. आमचा खरा सीझन मिरगापासून ते ऑगस्टपर्यंत, परत रब्बीला ऑक्टोबर-नोव्हेंबर. आत्ता जो माणूस शोधायलेत तो बहुतेक खरिपाच्या गर्दीसाठीच शोधायलेत. तिनं पहिल्याच भेटीत सांगितलं की काका, नंबर लागला तर मी ॲडमिशनच्या टायमाला जाईन पण तोपर्यंत एक दिवस खाडा करणार नाही, तर मला ते जास्त आवडंल. लपवलं आणि ऐन गर्दीत उठून गेली तर ज्या काकांनी शब्द टाकला त्यांचं तोंड वाईट होतं, आणि गावाकडचा सगळा कारभार शब्दावर चालतो. शिवाय बीएस्सी ॲग्री करणारी पोरगी म्हणल्यावर कुठला खतवाला नाराज होईल? लातूरलाच परभणीच्या विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे, तिथं नंबर लागला तर सुट्टीच्या दिवशी येऊन काउंटर सांभाळ म्हणून मीच म्हणलो असतो.


वाळूज_फर्स्ट_शिफ्ट:

हे मला पटलं काका. ओळखीतून गेल्यावर वेगळं असतं, त्या शब्द टाकणाऱ्या काकांचा विचार मी केला नव्हता. बांधावरची_लेक, तू सांग मग, पण सांगताना आधी "तोपर्यंत रोज येणार" हे सांग आणि मग नंबरचं.


बांधावरची_लेक:

खूप खूप आभार काका आणि ताई. उगवणीचं मी खरंच केलंय, दरसाली पप्पा आणि मी मिळून करतो, मला वाटलं हे सांगण्यासारखं नाही. आमची चार एकर आहे, सोयाबीन आणि त्यात तूर. पॉस मशीन बघितलंय पण वापरलं नाही. औषधांचं मला फार येत नाही, तिथं औषधाच्या बाटल्या पण असतात ना, त्याच्यावर काही विचारतील का? आणि इंग्रजीत विचारतील का? पप्पांचं पण सांगा ना कुणीतरी.


सेलूचा_भैय्या:

मी परभणीला मोबाईलच्या शोरूमला आहे, मागच्याच वर्षी लागलो, वय १९. इंग्रजीत कोण विचारणार नाही बघ, मराठीत बोलतात, कंपनीचा सेल्समन बसलेला असंल तर मधीच हिंदीत विचारतो तेवढं. पण आवाज. आपल्या खेड्यातल्या पोरापोरींचं काय होतं, घरी एवढं बोलतो आणि दुकानात गेलं की आवाज घशातच राहतो, समोरचा "काय?" म्हणला की आणखीच बारीक. तू आजपासून सोमवारपर्यंत रोज एकदा मोठ्यानं बोलून बघ, घरात बोलायला लाज वाटत असंल तर रानात जाऊन बोल, नाव सांग, गाव सांग, काय शिकलीस, काय येतं, बस. पाठ करू नको कारण पाठ केलेलं मधीच विसरलं की सगळं गेलं, नुसतं बोलायची सवय कर.

आणि तिथं गेल्यावर लगेच आत बोलावतील असं समजू नको, गिऱ्हाईक असंल तर तासभर पण थांबवतात. तो तासभर लई कामाचा आहे. मोबाईलमध्ये डोकं घालून बसू नको, दुकान बघ. कोणता माल कुठं ठेवलाय, बिल कोण करतंय, पैसे कोण घेतंय, बिलावर काय काय लिहायलेत. आत गेल्यावर त्यातलंच काहीतरी विचारता येतं. माझ्या मालकानं मला शेवटी विचारलं होतं की तुला काय विचारायचंय का, तवा मी म्हणलो बाहेर एक माणूस दोनदा येऊन परत गेला, त्याला कुणी विचारलंच नाही, तर ते लगेच उठून बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशीपासून ये म्हणले.


मांजराकाठची_सविस्तर:

लेकी, मी लातूरला कापडाच्या दुकानात बरीच वर्षं काउंटरला होते, आता स्वतःचं शिवणकाम आहे. पप्पांना जरूर ने, त्यात कमीपणा काहीच नाही, उलट पहिल्यांदा मुलगी कुठं काम करणार ते घरच्यांनी डोळ्यानं बघितलेलं चांगलं. फक्त त्यांना सांगून ठेव की नमस्कार-चमत्कार झाला की तुम्ही बाहेर चहा घ्या, मी बोलते. मालकानं तुला विचारायचं आणि उत्तर पप्पांनी द्यायचं असं झालं की मालकाच्या मनात येतं की उद्या गिऱ्हाईक काही बोललं तर ही काय करणार.

कपडे साधा पंजाबी ड्रेस, ओढणी पिन केलेली, केस बांधलेले. नवीन कपडे घ्यायची काही गरज नाही. पावसाचे दिवस आहेत, कागदं प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेव. औशाहून लातूर वीसेक किलोमीटर आहे पण तुझ्या गावातून औशापर्यंत यायचं धरून एक गाडी आधीची पकड, अकराला बोलावलंय तर पावणेअकराला दुकानापुढं.

मुलींनी काही गोष्टी आपणहून विचाराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि त्या विचारायला लाजू नये. दुकान किती वाजता बंद होतं, सीझनला किती वाजतात. तुझ्या गावाला शेवटची गाडी कितीला आहे ते आधीच बघून जा आणि तो टाइम मालकाला सांग, "काका मला साडेसहाची गाडी धरावी लागते, सकाळी मी लवकर येऊ शकते." हे पहिल्या दिवशी बोललेलं बरं, नाहीतर महिनाभरानं रोज त्याच्यावरून कुरबुर होते. बाथरूमची सोय आहे का, दुकानात आणखी कोण बायका आहेत का, आठवड्याची सुट्टी कोणती. चांगला मालक याला राग मानत नाही. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे त्यामुळं जाण्यायेण्याचा खर्च निम्म्यावर येतो, पगाराचा हिशोब करताना तो आणि दुपारचं खाणं आधी वजा करून बघ.

पगाराचं, आकडा आपण आधी बोलू नये. "तुमच्याकडं नवीन माणसाला काय देता?" असं विचार. त्याआधी गावातल्या काकांकडून किंवा लातूरला दुकानात असणाऱ्या कुणाकडून अंदाज काढ. सरकारनं दुकानकामाला किमान वेतन ठरवून दिलेलं असतं आणि त्यातला महागाईचा भाग सहा-सहा महिन्याला बदलतो, तेही कुणाला तरी विचारून ठेव. आणि पगार कोणत्या तारखेला होतो, हातात का बँकेत, हे विचारायचं राहू देऊ नको. बँकेत बरा, पुढं दाखवायला होतो.


खतवाला_उदगीर:

औषधांचं विचारलंस म्हणून. नवीन माणसाला आम्ही औषध सुचवायला लावत नाही आणि तू पण पहिल्याच महिन्यात कुणाला "हे मारा, ते मारा" म्हणू नको, एखाद्याचं उभं पीक जातं. पण डबीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो त्याचं माहीत पाहिजे. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. हिरवा म्हणजे निर्धोक असं नाही. घरी रिकाम्या डब्या पडलेल्या असतील तर लांबूनच एकदा बघून घे, हाताळू नको. एक्सपायरीची तारीख आणि बॅच नंबर कुठं छापलेला असतो तेवढं ओळखता आलं तरी बास, कारण एक्सपायर झालेली बाटली काउंटरवरून गेली तर परवान्यावर येतं.

बियाण्याच्या बिलावर लॉट नंबर लिहावा लागतो, शेतकऱ्याची सही घ्यावी लागते. बियाणं उगवलंच नाही तर त्या शेतकऱ्याकडं बिल, पिशवी आणि टॅग याशिवाय दुसरा पुरावा नसतो. तू शेतकऱ्याचीच लेक आहेस, तुला हे सांगायला नको, पण मालकानं विचारलं "बिलात काय महत्त्वाचं" तर सगळे "रक्कम" म्हणतात, तू लॉट नंबर म्हण.

अजून एक भारी प्रश्न असतो. डीएपी संपलाय, शेतकरी अडून बसलाय, काय सांगशील? याचं उत्तर दिलं की मालक खुर्चीत सरळ बसंल. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन गोण्या आणि युरियाची अर्धी गोणी घेतली की डीएपीच्या एका गोणीएवढं नत्र-स्फुरद होतं, वर सुपर फॉस्फेटमधून गंधक मिळतं आणि ते सोयाबीनला चांगलंच. हिशोब करून बघ, डीएपी म्हणजे १८:४६, पन्नास किलोत नत्र ९ किलो आणि स्फुरद २३ किलो. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के, तीन गोण्यात २४ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, अर्ध्या गोणीत दहा किलोच्या आसपास. तुला सायन्स आहे, पाच मिनिटांचं काम आहे.


तेरणेचा_कास्तकार:

सगळे चांगलंच सांगायलेत, मला एक वेगळं बोलायचंय. पोरी तू त्या काउंटरच्या पलीकडं चाललीस जिथं आम्ही अलीकडं उभे असतो. ऐन टायमाला काही काही ठिकाणी डीएपी मागितला की म्हणतात ही टॉनिकची बाटली घ्यावी लागंल, नाहीतर खत नाही. लिंकिंग म्हणतात त्याला. कायद्यात बसत नाही तरी चालतं. माझ्यावर हे आलंय, दुकानाचं नाव घेत नाही, पेरणीच्या दिवशी माणूस भांडत बसत नाही, गुमान पैसे देतो. तुला असं करायला लावलं तर काय करशील हे तू मुलाखतीला जायच्या आधी ठरवून जा. मी काय नोकरी करू नको असं म्हणत नाही. पण सकाळी तू ज्याला बाटली गळ्यात मारशील तो तुझ्या पप्पासारखाच कुणाचातरी बाप असणार आहे.


बांधावरची_लेक:

काका हे मी ऐकलेलं आहे, आमच्या पप्पांना पण एकदा घ्यावी लागली होती. मग मी काय म्हणू? मालकाला पहिल्याच दिवशी कसं विचारायचं हे?


खतवाला_उदगीर:

तेरणेच्या भाऊंनी बोलून दाखवलं ते बरं केलं, आमच्या धंद्यात हे आहे आणि कधी कधी वरून कंपनीकडून आमच्यावर पण तसाच माल लादला जातो, म्हणून शेतकऱ्यावर ढकलायचं हे मला पटत नाही. मुलाखतीत थेट "तुम्ही लिंकिंग करता का" असं विचारू नको, ते आरोप केल्यासारखं होतं. असं विचार की "काका, गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट नको असंल तर मी काय करायचं?" मालकाच्या उत्तरावरून तुला दुकान कळंल. तो म्हणला नको असंल तर देऊ नको, तर निर्धास्त काम कर. म्हणला की पटवून द्यायचं, तर तेही ठीक, विकणं हे काम आहेच, फक्त खरं बोलून पटवायचं. पण "त्याशिवाय खत सोडायचंच नाही" म्हणला तर घरी येऊन पप्पांशी बोल. लातूरला दुकानं काय कमी आहेत का.


तेरणेचा_कास्तकार:

हे बरोबर बोललात. आणि पोरी, शेतकऱ्याला तक्रार करायची असंल तर पंचायत समितीचा किंवा तालुक्याचा कृषी अधिकारी असतो, हे तुला माहीत असू दे, काउंटरवर कामाला असली तरी.


सेलूचा_भैय्या:

एक राहिलं. सोमवारी मोबाईल सायलेंटवर टाक. आणि मालक बोलताना मधीच त्यांना फोन येणार, गिऱ्हाईक येणार, दहा वेळा तुटणार, तवा आपलं काही चुकलं असं वाटून घेऊ नको. दुकानातली मुलाखत अशीच असते.


वाळूज_फर्स्ट_शिफ्ट:

पीएफचं कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. वीस माणसांच्या खालच्या दुकानाला पीएफ सहसा लागू नसतो, त्यामुळं नाही म्हणाले तर फसवायलेत असं समजू नको. पण पगारातून पीएफ म्हणून काही कापणार असतील तर यूएएन नंबर मागून घे, तो तुझ्या आधार-मोबाईलला जोडलेला असतो, पैसे भरले का ते तुला मोबाईलवर दिसतं. पुढं कुठल्याही कंपनीत गेलीस तरी तोच नंबर चालतो.


बांधावरची_लेक:

सगळ्यांना सांगायला आले, आज जाऊन आले. पप्पा आले होते, मालकांनीच त्यांना चहा दिला आणि बाहेर बसवलं. पाऊण तास थांबावं लागलं, भैय्यानं सांगितलं तसं बघत बसले. आत गेल्यावर मालकांनी मार्कशीट नुसती बघितली आणि ठेवून दिली, बाकी सगळं शेतीचंच विचारलं. किती एकर, कोणतं वाण पेरता, मागच्या साली एकरी किती निघालं. उगवणीचं सांगितलं तर त्यांनी विचारलं की पेरणी कधी करता, मी म्हणलं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पप्पा तिफण काढत नाहीत, तर ते तिथं बसलेल्या दुसऱ्या माणसाला म्हणले ऐका. डीएपीचं नाही विचारलं पण उधारीचं विचारलं, काकांनी सांगितलं तसंच, फक्त शेतकऱ्याच्या जागी त्यांचा स्वतःचा भाऊ होता, "माझा सख्खा भाऊ आला आणि गल्ल्यातून पाचशे मागितले तर?" मी म्हणलं तुम्हाला फोन करीन. ते काहीच बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

ॲडमिशनचं मी आपणहून सांगितलं. म्हणले ऑगस्टपर्यंत तरी राहशील का, मी हो म्हणलं. गाडीचं पण बोलले, साडेसहाला सोडतो म्हणले, पण सकाळी साडेआठला यावं लागंल. "गिऱ्हाइकाला नको असंल तर" हे विचारलं तवा थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणले आपल्याकडं ज्याला जे पाहिजे तेच द्यायचं, बाकीचं मी बघतो. पगार बाकीच्या नवीन पोरांना देतात तोच, दहा तारखेला, बँकेत. गुरुवारपासून या म्हणले, पहिला आठवडा फक्त बिलिंगवाल्या दादाच्या शेजारी बसायचं.

एक शंका आहे, त्या दादाचं बिल करायचं सॉफ्टवेअर वेगळंच आहे, टॅली नाही, मला भीती वाटायली की हळू होईल आणि गर्दीत लोक चिडतील.


खतवाला_उदगीर:

शाब्बास पोरी. भावाचा प्रश्न माझ्या पण डोक्यात आला नव्हता, मालक हुशार आहे. सॉफ्टवेअरचं टेन्शन घेऊ नको, दुकानात जास्त खपणारा माल मोजून पंचवीस-तीस नावांचा असतो, त्या दादाला सांगून त्यांचे कोड एका कागदावर लिहून घे आणि काउंटरच्या आतल्या बाजूनं चिकटव. दुपारी एक ते तीन गर्दी कमी असते, तवा दादाला म्हण मला करू द्या, चुकलं तर तुम्ही बघा. लॉट नंबर टाइप करताना मात्र घाई करू नको, पिशवी हातात घेऊन आकडा आकडा बघूनच टाक, लोक थांबतात तेवढं.


मांजराकाठची_सविस्तर:

आणि गुरुवारी डबा घेऊन जा, पहिल्या दिवशी बाहेर कुठं खायचं ते कळत नाही. गोलाईला कधी आलीस तर भेट, माझं दुकान तिथून जवळच आहे.